रोपं देऊन दवाखान्याचं बिल: लेकीच्या परदेशी इंटर्नशिपचा अर्ज गटापुढे आला तर



गेल्या काही महिन्यांत आपल्या प्रभागातल्या तीन गटांकडून माझ्याकडे एकच प्रश्न आला. कुणाची मुलगी नर्सिंगला आहे, कुणाची बीएएमएसला, कुणाची समाजकार्याच्या कॉलेजात. तिच्या मोबाइलवर जाहिरात येते: चार आठवडे परदेशात जा, घनदाट जंगलातल्या दवाखान्यात इंटर्नशिप करा, प्रमाणपत्र मिळवा. मुलगी हट्ट धरते, आई बैठकीत कर्जाचा अर्ज ठेवते आणि बाकीच्या जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. घराच्या दुरुस्तीला, शेळ्यांना, काजूच्या धंद्याला कर्ज देताना आपल्याला हिशेब कळतो. या अर्जाचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून आज हा विषय नीट उलगडून सांगते.

आधी शब्द समजून घेऊ. इंटर्नशिप म्हणजे उमेदवारी. सुताराच्या हाताखाली पोरगा राहतो, रंधा कसा धरायचा ते बघतो, लाकूड उचलून देतो आणि हळूहळू शिकतो, तसंच हे. डॉक्टरकीच्या शिक्षणात शेवटी एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप असते, ती वेगळी. जाहिरातीतली परदेशी इंटर्नशिप म्हणजे काही आठवड्यांचा अनुभव घेण्याचा कार्यक्रम. तो आपल्या सक्तीच्या वर्षात धरला जाईल असं कुणी तोंडी सांगितलं, तर कॉलेजकडून लेखी आणायला सांगा.

दुसरा शब्द सार्वजनिक आरोग्य. डॉक्टर तापाच्या एका माणसाला तपासतो, औषध देतो. सार्वजनिक आरोग्यवाला विचारतो, एकाच वाडीतल्या पाच घरांत एकाच आठवड्यात ताप का आला? विहिरीत टीसीएल पडली होती का? टायरात पाणी साचलंय का? म्हणजे आपल्या आशाताई आणि आरोग्यसेविका रोज करतात तेच काम. इंटर्नशिपला गेलेली मुलगी बहुतेक वेळ हेच शिकते. दवाखान्यात डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं आणि गावात फिरून आजारामागचं कारण शोधणं, अशी दोन्ही कामं त्यात येतात.

तिसरा शब्द वर्षावन. वर्षभर पाऊस, वर्षभर उकाडा, पानं कधी एकदम गळत नाहीत, असं उंच झाडांचं जंगल. पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यात, विषुववृत्ताच्या आसपास, ही जंगलं आहेत. दक्षिण अमेरिकेत अॅमेझॉन, आफ्रिकेत काँगो आणि आपल्या पूर्वेला इंडोनेशिया-मलेशियाच्या बाजूला बोर्निओ बेट. अशा ठिकाणी रस्ते कमी आणि नद्या जास्त. कितीतरी गावांतून पेशंट होडीने दवाखान्यात येतो. आंबोलीच्या पावसात अडकलेल्या बाईला याची थोडी कल्पना येईल.

आता एक खरी जागा घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

बोर्निओ बेटाचा मोठा भाग इंडोनेशियाकडे आहे, त्याला कालिमांतान म्हणतात. त्याच्या पश्चिमेला समुद्राकाठी सुकादाना नावाचं गाव आहे. गावाला लागून गुनुंग पालुंग नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणजे राखीव वर्षावन. ओरांगउटान नावाची मोठी, तांबूस केसांची वानरं तिथे राहतात. १९९३ साली किनारी वेब नावाची एक अमेरिकन विद्यार्थिनी त्या जंगलात आली. ती काही डॉक्टर नव्हती. वानरांचा अभ्यास करायला आली होती. तिथे राहताना तिला दिसलं, की राखीव जंगलात करवती चालतात, आणि त्या चालवणारी माणसं जवळच्याच गावांतली आहेत. ती माणसं दुष्ट नव्हती. घरात कुणी आजारी पडलं, बाळंतपणात ऑपरेशन करावं लागलं, तर रोख पैसा लागायचा. आणि हाताशी असलेला रोख पैसा म्हणजे जंगलातलं झाड.

आपल्याकडे आजारपणात काय विकलं जातं? मंगळसूत्र, म्हैस, जमिनीचा तुकडा. तिथे झाड विकलं जायचं.

ती मुलगी परत गेली, डॉक्टर झाली आणि मग पुन्हा आली. २००७ साली होतलिन ओम्पुसुंगु या इंडोनेशियन दंतवैद्य बाईंसोबत तिने सुकादानाला एक संस्था सुरू केली. तिचं नाव आलम सेहत लेस्तारी, थोडक्यात आस्री. दवाखान्यात काय असावं हे आधी ठरवून त्या गावात शिरल्या नाहीत. गावोगावी बैठका घेतल्या, शेकडो तास लोकांचं ऐकून घेतलं. प्रश्न साधा होता: तुम्ही हे जंगल जपावं यासाठी तुम्हाला काय हवं? लोकांनी दोन गोष्टी सांगितल्या. परवडणारा चांगला दवाखाना द्या, आणि सेंद्रिय शेती शिकवा, म्हणजे महागडं खत घ्यायला नको आणि नवीन जमिनीसाठी जंगल जाळायला नको.

मग त्या दवाखान्याने बिलाची अशी पद्धत ठेवली, की ती ऐकून आपल्या गटातल्या बायका हसल्या आणि मग गप्प झाल्या. रोख पैसे नसतील तर झाडाची रोपं द्या. शेणखत द्या. विणलेली चटई, टोपली द्या. नाहीतर काही दिवस काम करा. रोपं तोडलेल्या जंगलात लावली जातात, खत शेतीला जातं. ज्या गावाने बेकायदा तोड थांबवली, त्या गावच्या लोकांना बिलात जास्त सवलत. विधवा बाईला शेळ्या देतात, आणि ती परतफेड करते शेळीच्या पिल्लाने आणि लेंडीखताने. ज्याच्याकडे लाकूडतोडीची मशीनची करवत आहे, त्याच्याकडून ती विकत घेतात आणि धंद्याला भांडवल देतात.

याचा उपयोग झाला का? २०२० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा वर्षांचा हिशेब मांडून छापला. त्या काळात अठ्ठावीस हजारांहून जास्त लोकांनी तिथे उपचार घेतले होते. दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानांशी तुलना केली, तर या उद्यानातली जंगलतोड सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाली होती. दवाखाना उघडला आणि झाडं वाचली. कारण ती झाडं आजारपणाच्या बिलापायी पडत होती.

आता या गोष्टीतून आपल्या लेकीसाठी काय घ्यायचं? पहिली गोष्ट, किनारी वेब विद्यार्थिनी म्हणून गेली तेव्हा तिने कुणाला सुई टोचली नाही. तिने पाहिलं आणि ऐकलं. मग कितीतरी वर्षं घालवून डॉक्टरकी शिकली. चार आठवडे जाऊन कुणी गाव सुधारत नाही. चार आठवड्यांत माणूस फार तर स्वतः शहाणा होतो. तेवढंही पुष्कळ आहे, पण तेच खरं कारण म्हणून सांगायला हवं. "मी तिकडच्या गरिबांची सेवा करायला चालले" असं मुलगी म्हणाली, तर तिला हळूच विचारा, "बाई, त्यांची भाषा तुला येते का?"

भाषेवरून एक गंमत सांगते. इंडोनेशियाच्या भाषेत भाषेला म्हणतात बहासा. नवरा म्हणजे सुआमी, म्हणजे आपला स्वामी. बायको म्हणजे इस्त्री, म्हणजे स्त्री. गाव म्हणजे देसा. चलनाचं नाव रुपिया. आणि निरोगी म्हणजे सेहत, आपण हिंदीत म्हणतो तेच. पण चार शब्द ओळखीचे वाटले म्हणून पेशंटचं दुखणं कळत नाही. पोटात कळ येते की जळजळ होते, हे विचारायला भाषा लागते. म्हणून जाण्यापूर्वी दोन-तीन महिने रोजची बोलभाषा शिकणं हा पहिला अभ्यास.

तिथे गेल्यावर तिला काय दिसेल? पुष्कळ गोष्टी आपल्यासारख्याच. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, तसं तिथलं पुस्केसमास. आपल्या अंगणवाडीत जसा लसीकरणाचा आणि वजनाचा दिवस असतो, तसा तिथे महिन्यातून एकदा पोस्यांदू भरतो. गावातल्याच बायका मुलांची वजनं घेतात, वहीत लिहितात, गरोदर बाईला तपासणीला बोलावतात. गावात सुईण असते, तिला दुकुन बायी म्हणतात. १९८९ पासून सरकारने खेडोपाडी शिकलेल्या प्रसूतिसेविका नेमायला सुरुवात केली. आणि तुम्हाला सगळ्यांत आवडेल ते हे: तिथल्या बायकाही भिशी लावतात! तिला अरिसान म्हणतात. ठरलेल्या दिवशी एकीच्या घरी जमायचं, प्रत्येकीने ठरलेली रक्कम द्यायची, चिठ्ठी निघेल तिने सगळी रक्कम घ्यायची, आणि वर चहा-फराळ. हुशार मुलगी असेल, तर तिथल्या आरोग्याचं अर्धं शिक्षण तिला या अरिसानमध्ये बसूनच मिळेल. कुठल्या बाईला कशासाठी पैसे लागले, हे तिथेच कळतं.

जंगल आणि आजार यांचं नातंही ती तिथे शिकेल. आपल्या सिंधुदुर्गात ते वेगळं सांगायला नको. २०१६ साली दोडामार्गात माकडताप आला. काजूच्या बागेत, पाल्यापाचोळ्यात गोचीड चावते आणि ताप येतो, हे तेव्हा आपण शिकलो. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, लगेच कळवायचं, हेही शिकलो. बोर्निओत दुसरा प्रकार आहे. तिथे माकडांना होणारा एक मलेरिया डासांमार्फत माणसांनाही होतो. २००४ साली त्याच बेटाच्या मलेशियाकडच्या भागात, सारावाकमध्ये, संशोधकांनी दाखवलं, की साधा मलेरिया समजून ज्यांना औषध दिलं जात होतं, त्यांतल्या पुष्कळ जणांना हा माकडांचा मलेरिया होता. जंगल तुटतं, माणूस आत सरकतो, माकडं आणि डास वस्तीजवळ येतात, आणि आजार उंबरठा ओलांडतो. कारवारी-कोकणी माणसाला हे लगेच पटेल.

दुसरा आजार धुराचा. तिथल्या दलदलीत हजारो वर्षांचा पाला कुजून काळी माती झालेली आहे. पाम तेलाच्या मळ्यांसाठी चर खणून पाणी काढलं, की ती माती वाळते आणि पेटली तर जमिनीच्या आत धुमसत राहते. २०१५ साली कालिमांतान आणि शेजारच्या सुमात्रा बेटावर अशा आगी लागल्या, की धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला आणि असंख्य लोकांना श्वासाचे त्रास झाले. यात आपला संबंध काय? आपल्या वाण्याकडचं स्वस्त तेल, बिस्किटं, फरसाण, साबण, यांत पाम तेल असतं. भारत ते फार मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो, आणि त्यातलं बरंचसं इंडोनेशिया-मलेशियातून येतं. म्हणजे तिकडचा खोकला आणि इकडची कढई यांच्यात एक धागा आहे. सार्वजनिक आरोग्य शिकायचं म्हणजे असे धागे दिसायला लागणं.

आता महत्त्वाचं, आणि इथे जरा कठोर बोलते. मुलीने तिथे काय करायचं नाही?

समजा, आपल्या आरोग्य केंद्रात एक परदेशी मुलगी आली. वय वीस. शिक्षण अर्धवट. मराठी येत नाही. आणि कुणीतरी म्हणालं, हिला तुमच्या सुनेचं बाळंतपण करू द्या, हिला अनुभव मिळेल. तुम्ही सुनेचा हात धरून तिथून उठाल. मग आपली मुलगी दुसऱ्या गरीब बाईवर हात साफ करायला जाते तेव्हा ते सेवा कसं होईल? नियम सोपा आहे. जे काम आपल्या देशात करायची परवानगी नाही, ते परक्या देशातही करायचं नाही. टाके घालणं, इंजेक्शन देणं, दात उपटणं, बाळंतपण करणं, यांतलं काहीही नाही. नर्सिंग पास झालेली असली, तरी त्या देशाची नोंदणी लागते. "आमच्याकडे पहिल्या दिवसापासून पेशंटला हात लावायला मिळेल" असं जाहिरातीत लिहिलं असेल, तर तो गुण नाही. तिथेच अर्ज बाजूला ठेवा.

फोटोचंही तसंच. उघड्या पोराचा, बाळंतिणीचा, जखमेचा फोटो काढून स्टेटसला ठेवायचा नाही. आपल्याला चालेल का, हा एकच प्रश्न पुरेसा आहे.

मग ती करेल काय? डॉक्टरसोबत उभी राहील आणि बघेल. वजन-उंचीच्या नोंदी करेल. क्षयरोगाच्या पेशंटकडे तिथल्या कार्यकर्तीबरोबर जाईल. पाणी, मच्छरदाणी, हात धुणं यांवर तक्ते बनवायला मदत करेल. रोपवाटिकेत पिशव्या भरेल. घरोघरी सर्वेक्षणात नोंदवही सांभाळेल. हे काम चमकदार नाही. पण याच कामातून माणूस तयार होतो.

आता गटाच्या अर्जाकडे येऊ. असा अर्ज आला, तर मुलीलाच बैठकीत बोलवा आणि हे प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: कोण बोलावतंय? मधली एजन्सी की तिथला प्रत्यक्ष दवाखाना? दवाखान्याचं पत्र आहे का? तिच्यावर देखरेख करणाऱ्या माणसाचं नाव आणि हुद्दा त्यात आहे का? तुमच्या फीमधले किती पैसे त्या गावच्या दवाखान्याला जातात, हे सरळ विचारा. उत्तर टाळलं तर समजून जा.

दुसरा: व्हिसा कुठला? फिरायला जाण्याच्या व्हिसावर इंटर्नशिप केली आणि पकडलं, तर दंड मुलीला होतो, एजन्सीला नाही. त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत माहितीवरून खात्री करा.

तिसरा: लसी आणि औषधं. मलेरियाच्या भागात जायचं असेल तर प्रतिबंधक गोळ्या कुठल्या आणि कधी सुरू करायच्या, हे डॉक्टरला विचारूनच ठरवायचं. अॅमेझॉनच्या किंवा आफ्रिकेच्या पीतज्वर असलेल्या देशात जायचं असेल, तर पीतज्वराची लस निघण्याआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते. ती ठराविक शासनमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र पासपोर्टसारखं जपायचं. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर वेगळं ठेवतात. इंडोनेशियात पीतज्वर नाही. म्हणजे देशाप्रमाणे यादी बदलते, मैत्रिणीची यादी आपल्याला चालत नाही. लेप्टो, डेंग्यू, जळवा, साप हे मात्र सगळीकडेच. गुडघ्यापर्यंतचे बूट आणि मच्छरदाणी विसरायची नाही.

चौथा: विमा. जंगलातून मोठ्या इस्पितळात पोचायला होडी, गाडी, विमान असं सगळं लागू शकतं. रुग्णाला हलवण्याचा खर्च विम्यात धरलाय का?

पाचवा: राहणार कुठे? कुणाच्या घरी? तिथे जबाबदार बाई कोण? फोन लागतो का? भारतीय दूतावासाचा नंबर वहीत लिहिलाय का?

सहावा प्रश्न आपला, पैशाचा. फी, विमान, व्हिसा, लसी, विमा, जेवण आणि परतीसाठी हाताशी ठेवायची रक्कम, अशी पूर्ण यादी मागा. मग फेड कोण करणार ते विचारा. समजा एक लाख रुपये दिले आणि व्याज महिना एक टक्का, तर मुद्दल सोडून पहिल्याच महिन्याला १,००० रुपये व्याज होतं. शेळीचं कर्ज शेळी फेडते. हे प्रमाणपत्र लगेच पैसे आणत नाही. तेव्हा आईची मिळकत पाहूनच हप्ता ठरवा. आणि एकीच्या विमानापायी गटातल्या दुसरीचं आजारपणाचं कर्ज अडेल इतकी रक्कम देऊ नका. गट आहे तो अडीनडीसाठी. ती अडचण आली तर आपल्याकडे बिलापोटी रोपं घेणारा दवाखाना नाही.

कॉलेजची शिष्यवृत्ती आहे का, तेही आधी बघायला लावा. कुठलीही फी न घेणारे किंवा राहण्याची सोय देणारे कार्यक्रम असतात. पण ते निवडून घेतात, अर्ज लवकर करावा लागतो.

आणि शेवटचं. नाही म्हणायची वेळ आली, तर मुलीचं मन मारून नाही म्हणू नका. तिला दुसरा रस्ता दाखवा. आपल्याच महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. जेमतेम शिकलेल्या, कधी शाळेतही न गेलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवलं. त्या बायकांकडून शिकायला परदेशातले डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून काम करतात. तिथे गावातल्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं कशी वाचवायची, ते करून दाखवलं. जग जिथे शिकायला येतं, ती शाळा एसटीच्या तिकिटात आहे. आधी तिथे जा, आपल्या आरोग्य केंद्रात दोन महिने आशाताईंबरोबर फिर, मग जंगल गाठ, असं मुलीला सांगा. अशी तयारी करून गेलेली मुलगी तिकडच्या लोकांच्याही कामाला येते.

पुढच्या बैठकीत हे सहा प्रश्न वहीत लिहून ठेवा. अर्ज आज नाही आला तरी उद्या येईल, आपल्या मुली आता शिकताहेत. आणि ज्या मुलीने सहाही प्रश्नांची उत्तरं कागदासकट दिली, तिच्या अर्जावर सही करताना हात आखडू नका.